वाचक विचारतात : उबदार राखाडी भिंतीवर निळी का पडते?

प्रश्न : शेडकार्डावर उबदार वाटलेला राखाडी रंग खोलीत मात्र निळसर-जांभळट दिसतोय. रंग मिसळतानाच चूक झाली असेल का?

उत्तर : सहसा नसते. डब्यातला रंग पांढऱ्या पुठ्ठ्यावर लावा, पूर्ण वाळू द्या आणि शेडकार्डाला टेकवून पाहा. जुळला तर रंगाला दोष देऊ नका. उजेड आणि आजूबाजूच्या वस्तू तपासा.

या रंगात पांढऱ्या बेसमध्ये थोडं काळं असतं आणि ऊब येण्यासाठी पिवळ्या किंवा तांबड्या ऑक्साइडची अगदी किंचित मात्रा. ती झाक इतकी हलकी असते की उजेड जरा निळा पडला तरी पुसली जाते. खोलीत थेट ऊन न येता फक्त आकाशाचा उजेड येत असेल, तर दिवसभर हेच होतं. रात्री तेच काम ६५०० केल्विनचा पांढरा एलईडी करतो (केल्विन हे उजेडाच्या छटेचं माप; आकडा जितका मोठा, तितका उजेड निळसर). म्हणून भिंतीला हात लावण्याआधी बल्ब बदला : २७०० ते ३००० केल्विनचा आणि सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात तो आकडा, ९० किंवा त्याहून जास्त असलेला. निम्म्या तक्रारी तिथेच मिटाव्यात.

दुसरं कारण शेजारचं. नारिंगी झाकेचं लाकूड किंवा पिवळट क्रीम दरवाजा जवळ असला की डोळा तुलना करतो आणि राखाडी निळ्याकडे सरकते. लाल फरशीवर ऊन पडलं की भिंतीचा खालचा भाग गुलाबी होतो. खिडकीला लागून दाट झाडी असेल तर हिरवट.

प्रश्न : कार्डावरच्या सगळ्या राखाडी शेड सारख्याच दिसतात. निवडायची कशी?

उत्तर : एकेक पाहू नका. चार-पाच शेड एकमेकींना खेटून, कोऱ्या पांढऱ्या कागदावर ठेवा. लगेच कळतं, एक गुलाबीकडे झुकते, एक हिरव्याकडे, एक मातकट आहे. तरीही समजत नसेल, तर त्याच पट्टीवरची सर्वांत गडद शेड पाहा. फिक्या शेडमध्ये लपलेली झाक तिथे उघडी पडते.

मग एलआरव्ही हा आकडा पाहा. रंग किती उजेड परतवतो हे तो सांगतो. काळ्याला ०, पांढऱ्याला १००. भरपूर उजेडाच्या खोलीत ४० ते ५० सुद्धा छान दिसतो, साधारण खोलीला ५५ ते ६५ बरा. अंधाऱ्या खोलीचं मात्र वेगळं आहे. तिथे फिकी राखाडी उजेड वाढवत नाही, नुसती मळकी दिसते. अशा खोलीसाठी राखाडीचा हट्ट सोडून मलईसारखा पांढरा घेतलेला चांगला.

नमुना थेट जुन्या भिंतीवर लावू नका. खालचा आणि भोवतीचा रंग फसवतो. ६० × ६० सेंटिमीटरच्या पुठ्ठ्यावर कडेला ३-४ सेंटिमीटर पांढरं सोडून रंगाचे दोन हात द्या आणि २४ तासांनी पाहा, कारण इमल्शन, म्हणजे भिंतींचा पाण्यात मिसळणारा रंग, ओलं असताना फिकं दिसतं आणि वाळल्यावर गडद होतं. तो पुठ्ठा खिडकीच्या भिंतीवर, समोरच्या भिंतीवर आणि कोपऱ्यात उभा धरा. सकाळी, दुपारी, तिन्हीसांजेला आणि दिवे लावून. मोबाइलवरच्या फोटोंवरून तर निवडूच नका, कॅमेरा स्वतःच उजेडाचा रंग बदलून दाखवतो.

प्रश्न : छत पांढरंशुभ्रच ठेवलं तर?

उत्तर : निळसर पांढऱ्याशेजारी उबदार राखाडी मळल्यासारखी दिसते. किंचित पिवळसर झाकेचा पांढरा घ्या, आणि चौकटींनाही तोच द्या.

प्रश्न : ४ × ३ मीटरच्या खोलीला किती रंग लागेल? छत ३ मीटरवर आहे.

उत्तर : चार भिंतींची एकूण लांबी १४ मीटर, म्हणजे क्षेत्रफळ ४२ चौरस मीटर. एक दार आणि एक खिडकी यांचे साधारण ३.५ वजा केले की ३८.५ उरतात, दोन हातांचे ७७. गुळगुळीत, प्रायमर मारलेल्या भिंतीवर लिटरला १० ते १२ चौरस मीटर धरले तर सुमारे ७ लिटर. वर दहा टक्के ठेवून ८ लिटर आणा. खडबडीत भिंत जास्त पिते. सगळे डबे एका मोठ्या बादलीत ओतून एकजीव करा. डब्याडब्यांत सूक्ष्म फरक असतो, आणि राखाडीवर तो भिंतीच्या मध्यावर नेमका उठून दिसतो.

प्रश्न : कडेला गडद पट्टा दिसतो आणि डागडुजी केलेल्या जागाही चकाकतात. काय चुकलं?

उत्तर : दोन वेगळ्या चुका आहेत. पट्टा येतो तो सगळ्या कडा आधी ब्रशने मारून, त्या वाळल्यावर रोलर फिरवल्यामुळे. ब्रश आणि रोलर यांचा पोत वेगळा, थराची जाडीही वेगळी. एका वेळी एकच भिंत घ्या. कडा ओली असतानाच रोलर तिच्या शक्य तितका जवळ न्या.

डागांचं कारण बहुधा प्रायमर न मारलेली पुट्टी. ती रंग वेगळ्या प्रमाणात शोषते, म्हणून तिथली चमक भोवतालापेक्षा निराळी येते. त्या जागा २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, धूळ पुसा, प्रायमर द्या आणि मग या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत अख्खी भिंत पुन्हा रंगवा. फक्त ठिगळ लावून भागत नाही. रंग त्याच डब्यातला असला तरी ते बाजूने तिरप्या पडणाऱ्या उजेडात दिसतंच. यापुढे मॅट फिनिश घेतलं तर असे उंचसखल भाग कमी दिसतील. मात्र जिथे रोज हात लागतो, तिथे मॅटवर घासल्याची चकाकी येते. त्या भिंतीला धुता येणारं, किंचित चमकदार फिनिश घ्या.