वनहक्काच्या मोजणीत जीपीएस यंत्र दाखवते त्या ‘अचूकता 4 मीटर’वर किती विसंबावे?

दाट सागबनात सकाळी घेतलेला कोपरा दुपारी 10 मीटर सरकलेला दिसतो आणि पडद्यावर मात्र दोन्ही वेळा 4 मीटरच अचूकता येते, अशी आपली अडचण आहे. यात यंत्राचा बिघाड नाही. तो आकडा म्हणजे उपग्रहांची आकाशातील मांडणी आणि मिळालेल्या संदेशांचा आपसातील मेळ पाहून यंत्राने स्वतःच बांधलेला अंदाज असतो. सुमारे 20,200 किलोमीटरवरून येणारा संदेश आधीच अतिशय क्षीण असतो. ओली पाने तो आणखी शोषतात आणि खोडांवर आदळून लांबच्या वाटेने आलेला संदेशही यंत्र बहुधा सरळ आलेलाच धरून चालते.

गडचिरोलीत ग्रामसभांच्या मोजणीला मदत करताना मी चूक किती पडते याचा हिशेब नेहमी गुंठ्यांत मांडून दाखवतो. एक एकराचा चौरस तुकडा घ्या. प्रत्येक कोपऱ्यात दोन्ही दिशांना साधारण 5 मीटरची सुटी (इतर कोपऱ्यांच्या चुकीशी संबंध नसलेली) चूक धरली, तर क्षेत्रफळात साडेचार गुंठ्यांच्या आसपास फरक पडू शकतो, म्हणजे 40 गुंठ्यांमागे अकरा टक्के. वनहक्क कायद्याने वैयक्तिक दाव्यासाठी ठरवलेल्या कमाल 4 हेक्टरच्या चौरसात हाच फरक 14 गुंठे, पण टक्केवारीत जेमतेम साडेतीन. त्यामुळे फटका बसतो तो लहान दावेदाराला, आणि नेमक्या त्याच्याच तुकड्याची मोजणी घाईत उरकली जाते. सगळे कोपरे एकाच दिशेला सारखे सरकले असतील तर क्षेत्रफळ बदलत नाही, फक्त नकाशावर तुकडा शेजाऱ्याच्या हद्दीत गेलेला दिसतो.

एकाच जागी दोन मिनिटे उभे राहून सरासरी काढण्याचा फारसा उपयोग नाही, कारण तेवढ्यात उपग्रह विशेष हलत नाहीत आणि तीच चूक पुन्हा पुन्हा मोजली जाते. दोन-तीन तासांनी त्याच धुऱ्यावर (बांधावर) परत जाऊन बिंदू पुन्हा घ्यावा. एल-1 आणि एल-5 असे उपग्रह-संदेशाच्या वारंवारतेचे दोन्ही पट्टे घेणारे यंत्र मिळाले तर ते वापरावे, कारण एल-5 वर परावर्तित संदेश वेगळा ओळखणे सोपे जाते. साग निष्पर्ण असताना, उन्हाळ्यात, मोजणी ठेवता आली तर उत्तमच. खोडे मात्र तेव्हाही असतातच. कोपरा अगदीच गर्द झाडीत असेल, तर जवळच्या मोकळ्या जागेत बिंदू घेऊन तिथून टेप आणि होकायंत्राने अंतर व दिशा मोजावी, आणि पंचनाम्यात ही पद्धत स्पष्ट लिहून घ्यावी.