आवाज पळाला, बुवांचे ओठ मागे राहिले

मागच्या अंकात म्हटलं होतं की शूटिंग-एडिटिंगमधले शब्द अडत असतील तर लिहून पाठवा, तर ढीगभर प्रश्न आले आणि निम्म्यांचं शेपूट एकच, "ताई, ॲप कुठलं वापरू?" ॲपचं बघू नंतर. बऱ्याचदा माती खाल्लेली असते शूटिंगच्या वेळीच आणि शिव्या बसतात सॉफ्टवेअरला.

प्रश्न : ताई, गावच्या सप्त्यात कीर्तन शूट केलं. व्हिडिओ मोबाइलवर, आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर. सुरुवातीला नीट जुळवलं पण तासाभराने बुवांचे ओठ एकीकडे आणि शब्द भलतीकडेच. दोन ॲप बदलून झाली, तेच. – एक वाचक, कराड

ह्यात दोन चोर असू शकतात, आधी आपला कुठला ते पकडा. रेकॉर्डरचा ट्रॅक म्यूट करा आणि शेवटच्या दहा मिनिटांत फक्त मोबाइलचा स्वतःचा आवाज ऐका. तोही ओठांपासून सुटलेला असेल तर चोराचं नाव व्हेरिएबल फ्रेम रेट. फ्रेम रेट म्हणजे सेकंदाला किती चित्रं. तुम्ही सेटिंगमध्ये 30 ठेवलं तरी फोन ते काटेकोर पाळतोच असं नाही, कधी 30, कधी थोडं कमी, आणि उजेड कमी झाला की काही फोन आपल्याच मनाने चित्रं अजून कमी करतात. एडिटिंगची टाइमलाइन, म्हणजे आपण तुकडे ओळीने मांडतो ती पट्टी, मात्र सरळमार्गी, ती 30 च धरून चालते. 29.97 आणि 30 मधला फरक बघायला काहीच वाटत नाही ना? तेवढ्याने तासाभरात 3.6 सेकंद जातात. बुवा तेवढ्यात ओवी संपवून पुढे गेलेले असतात.

उपाय सोपा आहे. मीडियाइन्फो नावाचं फुकटातलं सॉफ्टवेअर आहे, त्यात फाइल टाकली की फ्रेम रेट मोडसमोर व्हेरिएबल लिहिलंय का ते दिसतं. असेल तर हँडब्रेकमधून, तेही फुकटच, कॉन्स्टंट फ्रेम रेट निवडून नवी फाइल करून घ्या आणि मग ती एडिटिंगला घ्या. अर्धं काम झाल्यावर हे करू नका, सगळे कट परत बसवत बसाल.

मोबाइलचा आवाज ओठांशी बरोबर आहे आणि फक्त रेकॉर्डरचाच हळूहळू सरकतोय, तर दोष दोन घड्याळांचा. प्रत्येक यंत्राचं आतलं घड्याळ जरासं वेगळं चालतं, तासाभरात काही फ्रेमचा फरक पडतो. मग शेवटाला किती फरक पडला ते मोजायचं आणि ऑडिओ तेवढाच ताणायचा किंवा आवळायचा, कानाला कळतसुद्धा नाही. नाहीतर मधे कुठे बुवा पाणी प्यायला थांबलेत तिथे कट मारून पुढचा तुकडा सरकवायचा. मी हा दुसरा उपायच करते, आळस म्हणा. आणि हो, रेकॉर्डर 48 किलोहर्ट्झवर ठेवा, व्हिडिओच्या कामात तोच आकडा चालतो, 44.1 हा सीडीच्या गाण्यांचा.

आता जुळवायचं कशावर? सिनेमात क्लॅप मारतात ते ह्यासाठीच, फळी मिटलेली फ्रेम आणि 'ठक' आवाज एकावर एक आणला की सिंक लागलं. तुमच्याकडे तर क्लॅपची गरजच नाही, मागे टाळकरी उभे आहेत की! एकदा एका सप्त्याचं फुटेज माझ्याकडे आलं होतं, मी बापडी पखवाजाच्या थापेवर सिंक लावायला बसले आणि अर्धा तास घालवला. पखवाज घुमतो, वेव्हफॉर्ममध्ये, म्हणजे टाइमलाइनवरच्या आवाजाच्या आलेखात, त्याची लाट पसरट दिसते, नेमकी सुरुवात कुठली तेच कळेना. टाळाचा ठोका सुईसारखा उभा असतो. टाळाला टाळ लागलेली फ्रेम शोधायची, ती सुई तिच्याखाली आणायची, विषय संपला.

अजून एक गंमत. फोन मंडपाच्या शेवटच्या खांबाला बांधला होता का? आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, म्हणजे फोन 34 मीटरवर असेल तर त्याच्यापर्यंत आवाजच तीन फ्रेम उशिरा पोचतो. म्हणून मोबाइलच्या आवाजाला आवाज जुळवू नका, चित्राला जुळवा.

प्रश्न : हॉलमधल्या लाइटखाली शूट केलं की व्हिडिओत काळे पट्टे सरकतात. कॅमेरा खराब झालाय का? आणि 24, 25, 30 ह्यातलं ठेवायचं काय? – एक वाचक, नागपूर

कॅमेरा ठणठणीत आहे. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब आणि साधे एलईडी सेकंदाला 100 वेळा कमीजास्त होतात. डोळ्याला दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतं. शटर, म्हणजे एका फ्रेमसाठी कॅमेरा किती वेळ उजेड आत घेतो ते, 1/50 किंवा 1/100 सेकंदाला ठेवा, म्हणजे प्रत्येक फ्रेममध्ये ते पूर्ण ठोके मावतात आणि पट्टे जातात. 1/60 ला मावत नाहीत. डेकोरेशनवाल्यांचे काही डिमरवाले एलईडी मात्र ह्याला दाद देत नाहीत, तिथे शटर थोडं थोडं फिरवून बघायचं, नाहीतर गोड बोलून तो लाइट बंद करायला लावायचा.

24 आलं सिनेमातून. मूकपटाच्या काळात कॅमेरा हाताने फिरवायचे, वेग कमीजास्त झाला तरी खपायचं, पण 1920 च्या दशकाच्या शेवटी फिल्मवरच आवाजाची पट्टी आली आणि वेग हलला की आवाज चिरका व्हायला लागला, मग 24 वर कायमचं ठरलं. 25 हा टीव्हीचा आकडा, 50 हर्ट्झ विजेच्या हिशोबाने बसवलेला. आपल्याकडे 1982 च्या एशियाडच्या वेळी रंगीत टीव्ही आला तोही ह्याच 25 वाल्या, पाल नावाच्या पद्धतीचा. लग्नाला, कार्यक्रमाला मी 25 सांगेन. एका कॅमेऱ्यावर 25 आणि दुसऱ्यावर 30 असं कृपा करून करू नका.

प्रश्न : फाइल एमपी4 आहे तरी लॅपटॉप अडकत अडकत चालवतो. मित्राची एमपी4 मस्त चालते. असं का? – एक वाचक, रत्नागिरी

कारण एमपी4 हा नुसता डबा आहे. डबे दोघांचे सारखे, आत भाजी कुठली ते वेगळं. आतल्या भाजीचं नाव कोडेक. मित्राच्या डब्यात बहुतेक एच.264 असेल, 2003 पासूनचं, कुठलंही मशीन पचवतं. तुमच्यात एच.265, ते 2013 चं, साधारण त्याच क्वालिटीला फाइल बरीच लहान, पण उलगडायला मेहनत जास्त.

दोन्हींमध्ये युक्ती एकच, किराणा दुकानाच्या वहीसारखी. एक ओळ पूर्ण लिहायची आणि खाली 'वरीलप्रमाणे', बदललं असेल तेवढंच नवीन. तसं एक फ्रेम पूर्ण ठेवतात आणि पुढच्या फ्रेममध्ये फक्त फरक. सलग बघताना काही वाटत नाही, पण एडिटिंगमध्ये तुम्ही मधल्याच ओळीवर बोट ठेवता आणि लॅपटॉपला वर जाऊन मूळ ओळ शोधून खाली यावं लागतं, तेही दर सेकंदाला पंचवीसदा. म्हणून प्रॉक्सी करायची. प्रॉक्सी म्हणजे त्याच फुटेजची हलकी नक्कल, कट तिच्यावर करायचे, शेवटी सॉफ्टवेअर मूळ फाइल जोडून एक्सपोर्ट करतं. मूळ फाइल डिलीट करायची नाही, हे सांगायला लागू नये पण लागतं.

जाताजाता बिटरेट, म्हणजे सेकंदाला किती डेटा लिहिला जातो ते. कॅमेऱ्यावर 100 एमबीपीएस लिहिलंय ते मेगाबिट, 8 ने भागा, सेकंदाला 12.5 मेगाबाइट, म्हणजे तासाला 45 जीबी. 64 जीबीचं कार्ड घेऊन दोन दिवसांच्या लग्नाला जाणाऱ्यांनी हे हळदीच्या आधी मोजावं.

प्रश्न : जे कट आणि एल कट म्हणजे काय? – एक वाचक, बडोदा

पुढच्या शॉटचा आवाज चित्राच्या आधी आला तर जे, मागच्या शॉटचा आवाज नव्या चित्रावर रेंगाळला तर एल. टाइमलाइनवर तुकड्यांचा आकार त्या अक्षरांसारखा दिसतो म्हणून ती नावं. समजा आजी म्हणतायत, "पहाटे चारला उठायचो आम्ही", त्यांचा चेहरा समोर आहे आणि तेवढ्यात जात्याची घरघर सुरू होते, मग जातं दिसतं, हा जे कट. आता जातं फिरताना दिसतंय आणि आजींचं बोलणं चालूच आहे, हा एल. दोन्ही एकाच मिनिटात झाले बघा.

प्रश्न : रेंडर आणि एक्सपोर्ट एकच ना? – एक वाचक, पनवेल

बोलताना सगळे एकच म्हणतात, मीपण. तसं बघितलं तर रेंडर म्हणजे इफेक्ट, रंग, टायटल सगळं मोजून तयार चित्रं बनवणं, ते टाइमलाइनवर प्रिव्ह्यू नीट दिसावा म्हणून मधेच पण करता येतं. एक्सपोर्ट म्हणजे शेवटची फाइल बाहेर काढणं, त्यात रेंडर येतंच. मिक्सिंगवाला "रेंडरला लावलंय" म्हणाला की ती बहुतेक एक्सपोर्टच असते, आणि "उद्या देतो" म्हणाला तर अजून कट लागायचे आहेत.