अडखळत बोलणाऱ्या मित्रास

प्रिय मित्रा,

नवस बोलून वर्ष झालं तरी जीभ सुटली नाही, म्हणजे देवाने पाठ फिरवली, असं तू लिहिलंस. मला वाटतं घोळ त्या मागण्यातच आहे. ‘तोतरेपणा जाऊ दे’ असं मागितलं की अडकलेला प्रत्येक शब्द देवाचा नकार वाटू लागतो. दिवसाला पन्नास नकार पचवून कुणाची श्रद्धा टिकेल? सकाळी हात जोडशील तेव्हा एवढंच माग, ‘आज एस.टी. स्टँडवर फोन लावून गाडीची वेळ विचारायचं बळ दे.’ ते मिळालं की नाही, हे संध्याकाळी दिवा लावायच्या वेळी तुझं तुला कळलेलं असेल.

हे कुठल्या पापाचं फळ नाही, मनाचा दुबळेपणाही नाही. बोलताना श्वास, स्वरयंत्र, जीभ आणि ओठ यांची वेळ मेंदू जुळवत असतो, त्या जुळणीत गडबड होते. बऱ्याचदा ती घराण्यात चालत येते. मोठ्या माणसांत साधारण शंभरात एकाला असते, बायकांपेक्षा पुरुषांत जास्त. जिभेला वेखंड चोळून किंवा तोंडात खडे धरून तिथपर्यंत पोचता येत नाही.

हरिपाठ म्हणताना मात्र एकदाही का अडकत नाही, हे तू विचारलंस ते बरं झालं. बहुतेकांचं असंच असतं. सगळ्यांबरोबर म्हणताना वेळ टाळ सांभाळतो, शब्द आधीच ठरलेले असतात आणि उत्तरासाठी कुणी तुझ्या तोंडाकडे बघत नसतं. तुझी जीभ धड आहे याचा हा रोजचा पुरावा आहे. पण तेवढ्याने दुकानातलं बोलणं सुधारत नाही, कारण तिथे यातलं काहीच हाताशी नसतं. म्हणून एकच अभंग घे. आठवडाभर तो एकट्याने मोठ्याने म्हण, पुढच्या आठवड्यात घरातल्या कुणा एकासमोर म्हण. मग त्याच माणसाला त्याचा अर्थ आपल्या शब्दांत दोन मिनिटं सांग. इथे अडखळशील, आणि खरा सराव इथूनच सुरू होतो.

अडकलास की मागे जाऊन वाक्य पुन्हा सुरू करू नकोस. तू तेच करत असशील, सगळेच करतात, आणि त्या शब्दाची धास्ती त्यानेच पक्की होते. आहेस तिथेच थांब, ओठ किंवा जीभ कुठे दाबली गेली आहे ते ओळख, तो दाब हळूहळू सैल कर आणि शब्द लांबवत बाहेर काढ. ‘प’ला ओठ नुसते टेकव, आवळू नकोस. ‘क’ला जिभेच्या मागच्या भागाचंही तसंच. बोलण्याआधी छाती भरून श्वास घेण्याचा सल्ला तुला दहा जणांनी दिला असेल, तो सोडून दे. एवढा श्वास कोंडला की गळा आणखी आवळतो. नेहमीचा श्वास घे आणि तो सुटू लागताच बोल. पाय आपटणं, चुटकी वाजवणं चार दिवस चालतं. नवेपणा संपला की अडखळणं तसंच राहतं आणि पाय मात्र आपटत राहतो.

रोज पाच वेळा मुद्दाम अडखळायचं. भीती नसलेल्या शब्दावर, सावकाश: ‘दो-दो-दोन वडापाव द्या.’ विचित्र वाटेल, पण लपवायला काही उरलं नाही की भीती ओसरते. हा भाग चुकवू नकोस.

खिशात छोटी वही ठेव. किती वेळा अडकलास ते त्यात लिहू नकोस. किती वेळा टाळलंस ते लिही: कॉफी हवी असताना मागितलेला चहा, मित्राला करायला लावलेला फोन, नाव विचारल्यावर आलेला खोकला. (नावावर सगळ्यात जास्त अडकायला होतं, कारण त्याला दुसरा शब्द नसतो.) आत्मविश्वास वाढतोय का, हे या आकड्यावरून कळेल. जागरण, परीक्षा, घरातलं भांडण झालं की अडखळणं वाढेल, तेव्हा सराव बंद पाडू नकोस. आईला सांग, ‘सावकाश बोल’ म्हणू नकोस, वाक्य माझं मला पुरं करू दे.

स्पीच थेरपिस्टकडे जरूर जा. मोठ्यांच्या तोतरेपणावर किती काम केलंय ते आधी विचार. पंधरा दिवसांत शंभर टक्के बरं करतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नकोस.

मुलाखतीत खुर्चीत बसल्यावर पहिलंच वाक्य हे असू दे: ‘मी बोलताना अडखळतो, उत्तराला थोडा जास्त वेळ लागेल.’ त्यात ‘सॉरी’ नको. घरी आरशासमोर वीसेक वेळा म्हणून बघ, नजर खाली न जाता. पुढच्या पत्रात वहीतला आठवड्याचा आकडा कळव, त्यावरून पुढचं ठरवू.

तुझा,
एक हितचिंतक