एएमडीचं रेडिऑन ग्राफिक्स कार्ड स्वस्त असूनही बाजार एनव्हिडियाच्याच हातात का?

नुसत्या गेमिंगच्या वेगावर ठरत असतं तर चित्र वेगळं दिसलं असतं. 2002 साली एटीआयच्या (तेव्हा रेडिऑन हीच कंपनी बनवायची) रेडिऑन 9700 प्रोने एनव्हिडियाला चांगलाच घाम फोडला होता. उत्तरादाखल आलेलं एनव्हिडियाचं जीफोर्स एफएक्स 5800 अल्ट्रा तर पंख्याच्या घरघरीमुळे थट्टेचा विषय झालं. 2006 मध्ये एएमडीने एटीआय विकत घेतली आणि कर्जाखाली दबली. त्याच सुमारास एनव्हिडियाने कूडा आणलं, म्हणजे ग्राफिक्स कार्डाकडून गेमखेरीज इतर आकडेमोड करून घेणारं, फक्त एनव्हिडियाच्या कार्डांसाठीचं सॉफ्टवेअर; खरी मेख तिथे आहे. संशोधक, रेंडरिंगवाले, एआयवाले सगळे कूडावर कोड लिहून बसलेत. आता हलणार कोण? कूडाला एएमडीचं उत्तर, आरओसीएम, आलं 2016 मध्ये, म्हणजे वरातीमागून घोडं. (प्लेस्टेशन 5 मध्ये मात्र एएमडीचीच चिप आहे, बरं का.) फक्त गेमच खेळायचे असतील तर रेडिऑन बिनधास्त घ्या.