आधी बाळ धरायला शीक

पत्र: मी सोलापूरला बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला आहे, विषय मानसशास्त्र. कॉलेजच्या प्रकल्पासाठी महिनाभर एका महिला आधारगृहात जात होते. तिथे एकोणीस वर्षांची एक मुलगी आहे. नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून दीड वर्षाच्या मुलाला घेऊन निघाली, तीन रात्री बस स्टँडवर काढल्या, मग पोलिसांनी इथे आणलं. बाळाशी कसं बोलावं, हट्ट कसा हाताळावा, याचा रंगीत तक्ता मी तिला करून दिला. दुसऱ्या दिवशी तिनं माझ्यासमोरच मुलाला फटका मारला आणि म्हणाली, "तुम्ही जा घरी." तरी मला याच कामात यायचं आहे. पेरेंटिंग कोचचा सहा आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स बघून ठेवलाय. आई-बाबा म्हणतात, बी.एड. कर. काय करू?

प्रिय विद्यार्थिनी,

"तुम्ही जा घरी" हे तुला लागलं असणार. पण त्या मुलीनं खरं तेच सांगितलं. संध्याकाळी तुला जायला घर आहे, तिला नाही.

आपल्याकडे पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी जाते. सव्वा महिना तेल-पाणी, शेक-शेगडी, डिंकाचे लाडू. बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालायला आजी असते. रात्री बाळ थांबेना झालं की कुणीतरी ते खांद्यावर टाकून अंगणात फेऱ्या मारतं आणि म्हणतं, "तू नीज गं." सगळीच माहेरं अशी मायेची नसतात, हे मलाही ठाऊक आहे. पण आई व्हायचं शिक्षण आपल्या बायकांना मिळतं ते असंच, न शिकवता. तुझ्या पत्रातल्या मुलीच्या वाट्याला यातलं काही आलेलं दिसत नाही. आधारगृहात तर बाळ धरायलाही कुणी नसल्यामुळे कितीतरी जणी चार-चार दिवस डोक्यावरून आंघोळ करत नाहीत. अशा बाईच्या हातात तक्ता दिला तर ती तो फेकत नाही, एवढंच आपलं नशीब.

मारहाण सोसलेल्या शरीराला आवाज सहन होत नाही. दार आपटलं, कुणी मोठ्यानं बोललं की छाती धडधडते. आणि बाळ तर रडणारच. त्यात मुलगा बापासारखा दिसत असेल, तसाच हात उगारत असेल, तर त्या क्षणी तिला समोर दीड वर्षाचं पोर दिसत नाही, तोच माणूस दिसतो. फटका तिथून येतो. तो बरोबर आहे असं मी म्हणत नाही. मुलाचं रक्षण हेही आपलंच काम आहे, आणि त्याला इजा होतेय असं दिसलं तर अधीक्षिकेला सांगायलाच हवं. पण फटका कुठून येतो हे कळल्याशिवाय तो थांबवता येत नाही. अमेरिकेतल्या सेल्मा फ्रायबर्ग या मनोविश्लेषक बाईंनी १९७५ मध्ये सहकाऱ्यांबरोबर याच विषयावर लिहिलं होतं. ज्या आईला स्वतःच्या लहानपणी काय सोसलं तेवढंच नव्हे, तर तेव्हा कसं वाटलं होतं हेही आठवतं, ती ते दुखणं सहसा मुलावर उतरवत नाही, असं त्यांचं निरीक्षण होतं. म्हणून आईचं ऐकून घेणं हेच पालकत्वाचं निम्मं काम. ऐकायला मात्र ती आधी बोलली पाहिजे, आणि ती बोलेल ती तिचं बाळ अर्धा तास सांभाळणाऱ्या बाईशी.

आता माझी एक चूक सांगते. करिअर मार्गदर्शनाकडे वळण्याआधी मी काही वर्षं एका आधारगृहात काम केलं. नवीन होते, हुशारी दाखवायची हौस होती. एका आईच्या फाइलमध्ये मी लिहिलं, "आईचे मुलाकडे लक्ष नाही, दिवसा झोपून असते." पुढे ताब्याचा वाद कोर्टात गेला, अहवाल मागवला गेला, आणि नवऱ्याच्या वकिलानं माझं तेच वाक्य वाचून दाखवलं. ती दिवसा का झोपायची? कारण नवरा येईल या भीतीनं रात्रभर दाराकडे बघत बसायची. हे मी विचारलंच नव्हतं. मूल शेवटी तिच्याकडेच राहिलं, पण त्या एका ओळीपायी तिला जास्तीच्या तारखा सोसाव्या लागल्या. मूल काढून घेतील, ही या आयांची सगळ्यात मोठी भीती असते. आपल्या हातात वही दिसली की त्या गप्प होतात ते यामुळेच.

फुले दांपत्यानं १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, तेव्हा विधवांना उद्देशून जाहीर केलं होतं की इथे गुप्तपणे बाळंत व्हा, मूल न्यायचं की इथे ठेवायचं ते तुमच्या खुशीवर. कुठलाही पेरेंटिंग कोर्स घेण्याआधी हे "तुमच्या खुशीवर" नीट समजून घे.

तर कोर्सचं. सहा आठवड्यांच्या प्रमाणपत्रावर पैसे घालवू नकोस. ते कोर्स बहुधा घर, नोकरी, दोन आजी-आजोबा असलेल्या पालकांसाठी असतात. तू समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घे, एम.एस.डब्ल्यू. किंवा तिच्या तोडीची. कारण एकच: फील्डवर्क. दोन वर्षं प्रत्यक्ष संस्थेत जावं लागतं आणि वर विचारणारं कुणी असतं, "हे असं का लिहिलंस?" मला तेच मिळालं नव्हतं. सोलापूरहून जवळ म्हणजे तुळजापूर, तिथे टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं केंद्र आहे, तिथले अभ्यासक्रम बघ. पुण्यात कर्वे समाज सेवा संस्था, मुंबईत निर्मला निकेतन. मानसशास्त्रातच एम.ए. करायचं असेल तरी हरकत नाही, पण नुसत्या एम.ए.वर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घेता येत नाही. त्याला भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेलं पुढचं प्रशिक्षण आणि नोंदणी लागते.

नोकऱ्या कुठे? निराधार बायकांसाठीचं पूर्वीचं सरकारी स्वाधार गृह आता केंद्राच्या मिशन शक्ती योजनेखाली 'शक्ती सदन' झालंय, तिथे. हिंसाचार सोसलेल्या बायकांना एकाच छताखाली मदत देणाऱ्या सखी वन स्टॉप सेंटरमध्ये, जिथे तात्पुरता निवारा साधारण पाच दिवसांचाच असतो, म्हणजे पुढची सोय लावायची घाई कायम मानेवर. पोलिसांच्या आवारातल्या महिला आणि बालकांसाठीच्या विशेष कक्षात. १९८४ मध्ये मुंबईत टाटा संस्थेनं सुरू केलेला हा प्रयोग नंतर राज्यभर पसरला. शिवाय स्वयंसेवी संस्था आहेत. पगार? बऱ्याच ठिकाणी मानधन आणि कंत्राट. अनुदान रखडलं की तेही रखडतं. आई-बाबांची काळजी फालतू नाही. त्यांना हे आकडेमोडीसकट सांग, "समाजसेवा करायचीय" एवढंच सांगू नकोस.

कायदा आत्तापासून वाचायला लाग. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा, त्यातलं कलम १९ निवासाचं आणि कलम २१ मुलाच्या तात्पुरत्या ताब्याचं. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यानुसार पाच वर्षांखालचं मूल सामान्यतः आईकडे असावं, हे किती आयांना कुणी सांगितलेलंच नसतं! केवळ ही एक ओळ ऐकून एका बाईला माझ्यासमोर रडू फुटलं होतं. दुसरी बाजूही लक्षात ठेव. आई स्वतःच अठराच्या आतली निघाली तर पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, लागू होतो आणि पोलिसांना कळवणं बंधनकारक असतं. म्हणून "मी कुणाला सांगणार नाही" असं वचन कुणालाही देऊ नकोस. फोटो तर काढायचेच नाहीत, पाठमोरेसुद्धा. नवरे शोधत असतात.

आणि बी.एड.? शिकवायची आवड असेल तर जरूर कर, नसेल तर आई-बाबांसाठी करू नकोस. शाळेतल्या मुलांवर तो अन्याय होईल.

परीक्षेआधी एकदा त्या आधारगृहात जा. प्रकल्प संपला असेल तर अधीक्षिकांची परवानगी घेऊन जा. तक्त्याचं काही बोलू नकोस. बंबात गरम पाणी कधी असतं ते विचारून घे आणि त्या वेळी तिला म्हण, "तू डोक्यावरून आंघोळ करून ये, मी इथेच दारासमोर बसते त्याला घेऊन, तुला दिसेल अशी." कदाचित ती नाही म्हणेल. मग पुढच्या आठवड्यात परत विचार. हो म्हणाली, तर पोरगं बहुतेक तुझ्याकडे भोकाड पसरेल, तुझे केस ओढेल. ती वीस मिनिटं कशी गेली ते मला लिहून कळव.

तुझी,
मार्गदर्शक ताई