दूध उतू गेलं आणि मी लेकीवर ओरडले

प्रश्न : मी ३९ वर्षांची. घर डोंबिवलीला, नोकरी फोर्टात. परवा दूध उतू गेलं आणि लेकीवर इतकी ओरडले की ती रडायलाच लागली. डबे, फी, गॅस, सासूबाईंच्या गोळ्या सगळं माझ्याच डोक्यात. नवरा चांगला आहे, सांगितलं की करतो. पण रात्री छातीत धडधडतं, पहाटे चारला जाग येते. योगाचा क्लास लावू का?

उत्तर : ताई, क्लास तूर्त राहू द्या. आणखी एक वेळ गाठायची कशाला?

लेकीला आधी सॉरी म्हणा. ‘पण तूही लक्ष द्यायला हवं होतंस’ हे शेपूट न जोडता.

दूध फक्त निमित्त. गाडी सुटतेय असं दिसलं की शरीर अ‍ॅड्रेनलिन सोडतं, नाडी वाढते, खांदे आवळतात. गाडी मिळाली की हे उतरायला हवं. तुमचं उतरत नाही, कारण डब्यात शिरताच गॅसचा नंबर लावायचं आठवतं.

‘सांगितलं की करतो’, मेख इथेच आहे. सांगायचं म्हणजे लक्षात तुम्हीच ठेवायचं. म्हणून एक खातं पूर्णपणे नवऱ्यावर सोडून द्या. शाळेचं द्या : फी, पालकसभा, प्रोजेक्टचे कार्डपेपर. शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तुमच्या जागी त्यांचा नंबर. एखादी फी उशिरा जाईल, दंड बसेल. बसू द्या. आठवण करायची नाही, टोमणाही मारायचा नाही (दुसरं जास्त अवघड).

धडधडीवर मात्र ‘टेन्शन’ असा शिक्का मारून मोकळ्या होऊ नका. हिमोग्लोबिन कमी असलं किंवा थायरॉइड ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करत असली तरी असंच होतं. फॅमिली डॉक्टरांकडे जाऊन दोन्ही तपासा, बीपी आणि ईसीजीही. घरी आल्यावरचा चहा घेत असाल तर तो ऑफिसात चारला घ्या. त्यातलं निम्मं कॅफिन उतरायलाच साधारण पाच तास लागतात. पहाटे जाग आली तर मोबाइल न बघता श्वास सावकाश सोडा, घेताना लागतो त्याच्या दुप्पट वेळ. पाचेक मिनिटांत नाडी मंदावते.

तरीही झोप परतली नाही, किंवा कशातच मन लागेनासं झालं, तर १४४१६ ला फोन करा. केंद्र सरकारची मानसिक आरोग्यासाठीची ही ‘टेलिमानस’ सेवा २०२२ पासून आहे, फुकट आहे, रात्रीही चालू असते आणि मराठीत बोलता येतं.