सायलेन्सर नंतर, आधी अंगावरचं बघ

नवी गाडी घेतलीस, अभिनंदन. सायलेन्सर बदलायला ठेवलेले पैसे मात्र तसेच राहू देत.

ऐन पावसाळ्यात ताम्हिणीत एका वळणावर माझं पुढचं चाक सटकलं. वेग जेमतेम चाळीस. जॅकेटच्या कोपराची पार चाळण झाली, आतलं पॅड दिसायला लागलं, पण कोपर शाबूत. ग्लोव्हजचा तळवा झिजला. पडताना माणूस आधी हातच टेकतो. गुडघा? ‘जवळच तर जायचंय’ म्हणून त्या दिवशी साधी जीन्स घातली होती. जखमेत रुतलेली खडी काढायला डॉक्टरांनी ब्रशनं घासलं, ते अजून आठवतं.

हेल्मेटवर आयएसआयचा शिक्का आणि आयएस ४१५१ (हेल्मेटचं भारतीय मानक) बघूनच घे. गाल दाबले गेले पाहिजेत. पट्टा लाव आणि मागून वर ढकल. डोक्यातून निघालं तर ते तुझ्या मापाचं नाही. एकदा जोरात आपटलं की बाद कर, बाहेर ओरखडा नसला तरी. आतला थर्माकोल दबून धक्का शोषतो आणि पुन्हा फुगत नाही. म्हणून जुनं हेल्मेट फुकट मिळालं तरी नको.

जॅकेटच्या पॅडवर ईएन १६२१ (अशा पॅडचं युरोपीय मानक) लिहिलंय का बघ. पाठीचा कप्पा उघडून बघच, स्वस्तातल्या जॅकेटात तिथं बऱ्याचदा नुसता फोम निघतो. उकडतं म्हणशील, तर जाळीचं घे. बूट घोट्याच्या वर जाणारे, लेस आत खोचलेली. ती गिअरच्या दांड्यात अडकते.